पाया पडणे, रकाना दुसरा

सकाळी साडेसहा ते साडेसात या एका तासात मी माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला एकाहत्तर वेळा काहीतरी करायला सांगितलं. हा आकडा सासूबाईंनी काढला. समुपदेशक बाईंनी मोजायला सांगितलं होतं, आणि मोजणाऱ्याने मध्ये बोलायचं नाही अशी अट होती. सासूबाईंनी स्वयंपाकघराच्या दारात पाट मांडला. समोर दोन वाट्या, एकीत शेंगदाणे, दुसरी रिकामी. माझ्या तोंडून "ऊठ", "दात घास", "वेणीला ये", "दूध संपव", "इकडं बघ" असं काही निघालं की एक दाणा इकडून तिकडे. मुलगी शाळेच्या रिक्षात बसून गेल्यावर आम्ही दाणे मोजले. सदुसष्ट भरले.

"चार मी खाल्ल्यात," सासूबाई म्हणाल्या. "धर की जादा."

शाबासकीसाठी मनुके ठेवले होते. "आणि मनुके किती?"

"दोन. त्यातला एक तिचा न्हवं. दूधवाल्याला म्हणालीस, आज येळंवर आलास बरं झालं."

मला हसू आलं नाही. मी वहीत लिहिलं: हुकूम ७१, शाबासकी १.

मी एका फौंड्रीचं स्टोअर सांभाळते. हाताखाली चौदा माणसं. कुठला माल कुठल्या रॅकवर, काय संपत आलंय, कुणाला काय दिलं, सगळं लिहिलेलं असतं आणि मी एकदा सांगितलं की ते होतं. घरातही माझ्या याद्या असतात. फ्रिजवर आठवड्याच्या भाज्यांची, दाराच्या मागे निघताना घ्यायच्या वस्तूंची, पर्समध्ये उद्याची. यादी केली की निम्मं काम झालं, या समजुतीवर मी पंचेचाळीस वर्षं काढली. ती समजूत माझ्या मुलीने खोटी ठरवली.

तिचा हट्ट साधा नव्हता, हे समजायला आम्हाला वेळ लागला. हट्ट म्हणजे काहीतरी हवं असतं. हिला पुष्कळदा काहीच नको असायचं, फक्त सांगितलेलं करायचं नसायचं. "चप्पल घाल" म्हटलं की पायातली काढायची. पिवळा फ्रॉक आवडता असला तरी मी काढून ठेवला की तो नकोसा व्हायचा. चूक तिची असली तर ती कायम दुसऱ्या कुणाची असायची, चुलत भावाची, बाईंची, पंख्याची. एकदा चिडली की तासभर खाली यायची नाही. आणि कुणी तिला दुखावलं तर ती विसरायची नाही, दोन दिवसांनी त्याची वही फाडलेली सापडायची. शाळेच्या डायरीत लाल शाईने शेरे येत होते. चौथीच्या बाई मला म्हणाल्या, "हुशार आहे हो, पण मी 'बस' म्हटलं की ती उभी राहते."

घरात याचं एक चक्र ठरून गेलं होतं. मी सांगायचे, ती नाही म्हणायची. मी मोठ्याने सांगायचे, ती त्याहून मोठ्याने. मग एक तर तिला फटका बसायचा, नाहीतर मी दमून ते काम स्वतःच करायचे. दोन्हींचा शेवट एकच, उद्या पुन्हा तेच.

गेल्या दिवाळीत माझी मोठी नणंद चंदगडहून आली होती. आम्ही सगळेच तिला आक्का म्हणतो. आक्काने मुलीला पाणी आणायला सांगितलं, मुलगी "नाही" म्हणाली. आक्काने पाहुण्यांसमोर तिच्या थोबाडीत दिली आणि वर पाया पडून माफी मागायला लावली. मुलगी पडली. त्या रात्री ती जेवली नाही आणि आक्काच्या चपला पाण्याच्या टाकीत सापडल्या.

तेव्हापासून आक्काचा फोन आला की विषय एकच. "द्या माझ्याकडं. वर्सात वळण लावून देते. दोन म्हशी हायत, शेण काढंल, शाळंला चालत जाईल, सगळी मस्ती उतरंल. तुझ्या बायकूला नोकरी करायचीय, तिला कुठं जमतंय पोर सांभाळाय."

फोन स्पीकरवर असायचा. माझे मिस्टर माझ्याकडे बघायचे नाहीत. त्यांचं दुचाकीच्या सुट्या भागांचं दुकान आहे, दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून ते घरी येतात ते शांततेसाठी, आणि आमच्या घरात शांतता उरलेली नव्हती. जानेवारीत एका रात्री मुलीने भिंतीवर ताट मारलं, आणि ते म्हणाले, "मे महिन्यात आईची पंचाहत्तरी हाय. तोवर बघू. चार लोकांत नीट वागली तर हितंच ऱ्हाईल. न्हाईतर जूनपास्नं आक्काकडं."

"ती काय सामान आहे?" मी म्हणाले.

"मग तू सांग दुसरं काय करायचं. हाय तुझ्या वहीत?"

माझ्या वहीत नव्हतं. म्हणून मी चौकशी केली, आणि फेब्रुवारीत आम्ही राजारामपुरीतल्या एका क्लासच्या वरच्या मजल्यावरच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी आधी तिचं ऐकणं, झोप, अभ्यासातल्या अडचणी, लक्ष टिकतं की नाही, सगळं तपासलं. शाळेकडून माहिती मागवली. तीन भेटींनंतर नाव सांगितलं: ऑपोझिशनल डिफायंट डिसऑर्डर, म्हणजे सतत विरोध करण्याचा विकार. हे सहा महिन्यांहून जास्त चाललेलं आहे, घरी आहे, शाळेतही आहे, आणि तिचं स्वतःचं नुकसान होतंय, म्हणून याला निव्वळ खोडकरपणा म्हणायचं नाही, असं त्या म्हणाल्या.

"गोळी?" मिस्टरांनी विचारलं.

"यासाठी म्हणून गोळी नाही. शिकायचंय ते आईवडिलांनी."

मिस्टर जिन्यातच म्हणाले, "म्हणजे आजारी ती आणि औषध आपण घ्यायचं." त्यानंतर ते आले नाहीत. मी दर शनिवारी अर्धी रजा टाकून तिथल्याच समुपदेशक बाईंकडे जात राहिले.

शिकायला होतं ते दिसायला अगदी सोपं. रोज दहा मिनिटं तिच्याबरोबर खेळायचं आणि त्या दहा मिनिटांत एकही सूचना नाही, एकही प्रश्न नाही. पहिल्या दिवशी मी चौथ्याच मिनिटाला "तो ठोकळा तिकडं लाव" म्हणाले आणि खेळ संपला. सूचना द्यायची तर लांबून ओरडायचं नाही. जवळ जायचं, एकच वाक्य, साध्या आवाजात, विनंती नाही आणि धमकीही नाही. मग मनात पाच आकडे मोजायचे आणि तोंड बंद ठेवायचं. मला हे पाच आकडे फार जड गेले. स्टोअरमध्ये पाच सेकंदांत मी तीन माणसांना कामं वाटते.

आणि रकाने. कागदावर तीन. पहिल्यात ज्या गोष्टी कधीच चालणार नाहीत त्या: मारणं, वस्तू फेकणं, रस्त्यावर पळणं. त्यांचे परिणाम आधीच ठरलेले आणि तिला सांगितलेले. दुसऱ्या रकान्यात सध्या शिकवायच्या दोनच गोष्टी, त्या जमल्या की कागदावर चिकटवायला चांदण्या. आणि तिसऱ्यात बाकी सगळं, जे तूर्त सोडून द्यायचं. तिसरा रकाना सगळ्यात मोठा हवा, बाई म्हणाल्या. मला तो भरताना घाम फुटला. केस विस्कटलेले, ताटात उरलेली भाजी, उलटा घातलेला फ्रॉक, हे सगळं डोळ्यांसमोर होत असताना गप्प बसायचं.

दुसऱ्या रकान्यात मी लिहिलं: एक, सांगितल्यावर दात घासणे. दोन, पाया पडणे.

बाईंनी पेन्सिलीने दुसऱ्या ओळीवर टकटक केलं. "हे इथं का?"

"मे महिन्यात घरात कार्यक्रम आहे. साठ-सत्तर माणसं येतील."

"हे तिला जमत नाही म्हणून लिहिलंय, की ती नाही पडली तर तुम्हाला लोकांसमोर उभं राहायला जमणार नाही म्हणून?"

"मॅडम, आमच्याकडं पोरं पाया नाही पडली तर जन्मभर बोलतात."

"लिहा मग. पण घरात जमलं म्हणजे चारचौघांत जमेल, असं धरून चालू नका."

मी रकाना तसाच ठेवला. त्यांचं शेवटचं वाक्य मी वहीत उतरवलं नाही. आणखी एक गोष्ट मी त्या दिवशी बाईंना सांगितली नाही, दिवाळीतली. ती आमच्या घरातली होती आणि मला वाटलं, तिचा या कागदाशी काय संबंध.

मार्च-एप्रिलमध्ये खरंच फरक पडला. ताट फेकणं बंद झालं असं नाही, पण आठवड्यातून एकदावर आलं. दात घासण्याच्या चांदण्या भरल्या. पाया पडायचा सराव रोज संध्याकाळी सासूबाईंवर चालायचा. मुलगी यायची, वाकायची, दोन बोटांनी पावलांना शिवायची. सासूबाई म्हणायच्या, "औक्षवंत हो. गुदगुल्या करू नगंस." दहा चांदण्या झाल्या की रविवारी बाबांबरोबर विहिरीवर पोहायला. तीन रविवार ती पोहून आली. मिस्टरसुद्धा म्हणाले, "सुधारली म्हणायची."

एका संध्याकाळी चांदणी चिकटवताना तिने विचारलं, "सगळ्यांच्या पडायचं? आत्याच्या पण?"

"आत्याच्या पण."

तिने चांदणी वाकडी चिकटवली. मी यादीत खूण केली.

पंचाहत्तरीचा दिवस गच्चीवर, मांडव घालून. माझ्याकडे चार पानी यादी होती आणि सकाळी दहापर्यंत सगळ्या खुणा झाल्या होत्या. कणकेचे पंचाहत्तर दिवे तीन परातींत. शाहूवाडीचे, चंदगडचे, गल्लीतले, सगळे आले. सासूबाई मधल्या खुर्चीत, अंगावर नवं लुगडं, पाय पाटावर. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत आक्का. आधी सुनांनी ओवाळायचं, मग सात नातवंडांनी वयाच्या क्रमाने पाया पडायचं. माझी मुलगी चौथी.

पहिले तीन पडले. चौथी पुढे आली. मी तिच्या पाठीमागे दोन हातांवर होते, परात धरून. ती वाकली, सासूबाईंच्या पायांना दोन्ही हात लावले, सरळ झाली. सासूबाईंनी तिचा गाल धरला. मिस्टर समोर उभे होते, त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मला वाटलं, झालं.

"आता माझ्या," आक्का म्हणाली आणि तिने पाय पुढे केले.

आधीच्या तिघांना ती हे म्हणाली नव्हती.

मुलगी जागची हलली नाही. "आजीच्या पडले."

"आजीच्या पडलीस, बरं केलंस. हितं आत्या बसलीया, ती काय धोंडा हाय?"

"नाही."

ती हे मोठ्याने म्हणाली नव्हती, तरी ते पुढच्या दोन ओळींना ऐकू गेलं. कुणीतरी हसलं. आक्का लोकांकडे वळली. "बघा की! आमच्या वैनीसायबांनी शिकिवलंय हिला. पाया पडली की चांदणी देत्यात म्हणं, दुकानातली. अगं, आणा गं एक चांदणी कुणीतरी! एक न्हाई, दोन चिटकवा कपाळाला!"

आता पुष्कळ लोक हसले. चांदण्यांचं आक्काला मिस्टरांनीच कौतुकाने सांगितलं होतं. मुलीची मान लाल झालेली मला मागून दिसली. तिच्या मुठी वळल्या. हे कुठं जाणार ते मला माहीत होतं, आणि माझ्या तोंडाशी तेच एकाहत्तर हुकूम आले. पड गं. एकदाच पड. सगळे बघतायत. तुला कळत नाही का, आज काय आहे ते.

मी ते म्हणायच्या आत आक्काने उठून तिच्या मानेवर हात ठेवला आणि तिचं डोकं खाली दाबलं. "वाक. वाक म्हंते न्हवं!"

मुलगी सापळ्यात सापडल्यासारखी तडफडली. तिचा पाय मागे आला आणि माझ्या हातातल्या परातीला लागला. परात तिरकी झाली, चारपाच दिवे सतरंजीवर पडले, तेल सांडलं. बायका ओरडत मागे सरकल्या. एका माणसाने पायाने वाती विझवल्या. कुणी भाजलं नाही. मिस्टर हात उगारून पुढे आले. आक्काचा हात तसाच होता आणि मुलीचं कपाळ तिच्या गुडघ्यापर्यंत आलेलं.

मी परात खाली ठेवली. आक्काच्या अगदी जवळ गेले. साध्या आवाजात म्हणाले, "आक्का, तिच्या मानेवरचा हात काढा."

आणि मोजायला लागले. एक.

लग्नाला सतरा वर्षं झाली, मी आक्काला कधी "पाणी द्या" म्हणालेली नाही. दोन. आमच्यात मोठ्या नणंदेला सांगायची पद्धत नाही, विचारायची आहे. मांडवात कुणी हललं नाही. तीन. मिस्टर म्हणाले, "अगं ए..." मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. आक्का माझ्या डोळ्यांत बघत होती आणि मी काहीच जोडलं नाही, कृपा करून नाही, राग मानू नका नाही. चार.

तिने हात काढला.

"मला?" आक्का म्हणाली. "माझ्या आईच्या घरात मला हुकूम? ऐकलंस का रं?"

मिस्टरांचा हात अजून वर होता. तो कुणावर उगारलाय हे त्यांनाही कळत नसावं. त्यांनी तो खाली घेतला आणि खिशात घातला.

"बस खाली," सासूबाई लेकीला म्हणाल्या. "माझ्या पाया पडली ती. तुझी पंचाहत्तरी आली की बघू."

आक्का बसली नाही. पदर खोचून जिन्याने उतरली. पानं मांडलेली होती, जिलेबी वाढत होते, ती त्यांच्यामधून गेली आणि कोपऱ्यावर रिक्षा करून स्टँडवर. मिस्टर तिच्या मागे रस्त्यापर्यंत धावले आणि परत आले. न जेवता लेक माहेरून गेली, ही गोष्ट संध्याकाळपर्यंत चंदगडला पोचणार हे सगळ्यांना माहीत होतं. लोकांनी खाली मान घालून जेवण उरकलं. माझ्याशी कुणी बोललं नाही.

गच्ची रिकामी झाल्यावर मी तेल टिपायला बेसनाची वाटी आणि फडकं घेऊन वर गेले. मुलगी पाण्याच्या टाकीमागे बसली होती. परात तिने मुद्दाम पाडली नव्हती, पण लाथ तिची होती, आणि वस्तू सांडली तर साफ करायची हे कागदावर होतं. तिला ते आज सांगायला मला जड जात होतं. तरी सांगितलं. एक वाक्य. पाचाच्या पुढे बरंच मोजलं, तेव्हा ती आली आणि बेसन चोळायला लागली. निम्मी सतरंजी झाल्यावर फडकं टाकून म्हणाली, "उरलेलं तू."

"निम्मं पुसलंस," मी म्हणाले आणि उरलेलं पुसलं.

पुढच्या शनिवारी मी बाईंना दिवाळीतलं सगळं सांगितलं. त्या मला रागावल्या नाहीत, पण आधी का सांगितलं नाही असं दोनदा विचारलं. मी कागदावरची दुसऱ्या रकान्यातली ओळ खोडली आणि ती तिसऱ्यात लिहिली. त्यांनी सुचवलेली एक ओळ पहिल्या रकान्यात वाढवली, घरातल्या सगळ्यांसाठी: मुलीला वाकवायचं नाही, हाताने नाही आणि हसूनही नाही.

मिस्टरांनी तो कागद वाचला. आठ दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलत होते. नवव्या दिवशी सकाळी पोहे खाताना त्यांनी आक्काला फोन लावला, सवयीने स्पीकरवर.

"आक्का, पोरगी हितंच ऱ्हाऊ दे. पाचवीची फी भरून टाकतो आज."

"ठेव की. मी कुठं मागायला आलीया?" आक्का म्हणाली. "पण तुझ्या उंबऱ्याला माझा पाय लागायचा न्हाई आता. आईला भेटायचं असलं तर एसटीत बसवून पाठव."

फोन बंद झाला. सासूबाई देवघरापुढे बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि डोळे पदराने पुसले. ते मी केलेलं होतं आणि ते कुठल्याही यादीने निस्तरणार नव्हतं.

मुलगी पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढत होती. "आत्या माझ्यामुळं येणार नाही?"

"नाही," मी म्हणाले. "माझ्यामुळं."

तिने जरा विचार केला. "मग तू सॉरी म्हण तिला."

"आजीला म्हणेन. आत्याला नाही म्हणणार."

मिस्टरांनी मान वर केली. मुलगी माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली, मी आणखी काही बोलेन म्हणून. मी बोलले नाही. मग तिने ताटली माझ्याकडे सरकवली. "मला नकोत हे दाणे." मी ते घेतले आणि खाल्ले.